हिरो बदलतो, मग आधीची मेहनत कुठे जाते?

'विअर्ड वेस्ट' हा गेम मी कुणाला सुचवला की काही दिवसांनी एक प्रश्न हमखास येतो. शब्द थोडेफार बदलतात, तक्रार तीच असते: "तासन्‌तास घालवून एक पात्र तयार केलं, बंदुका जमवल्या, पैसे साठवले, आणि गेमने ती बाई माझ्या हातातून काढून घेऊन भलताच माणूस दिला. आता पुन्हा पहिल्यापासून? मग आधी केलेलं सगळं पाण्यातच गेलं ना?" तुम्ही विचारलंत म्हणून, आणि इतक्या जणांनी विचारलंत म्हणून, आज जरा सविस्तर सांगते. माझं उत्तर ठाम आहे. काहीही पाण्यात जात नाही. फक्त या गेममध्ये मेहनत साठवायची जागा वेगळी आहे.

ज्यांनी गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. 'विअर्ड वेस्ट' 31 मार्च 2022 रोजी आला. बनवणारा स्टुडिओ वुल्फआय, प्रकाशक डेव्हॉल्व्हर डिजिटल. वुल्फआयच्या मागे राफाएल कोलांतोनियो आणि ज्युलियन रॉबी हे दोघे आहेत, दोघेही पूर्वी अर्केन या गेम स्टुडिओमध्ये होते. अर्केनची स्थापनाच कोलांतोनियोंनी 1999 मध्ये फ्रान्सच्या लियों शहरात केली. अर्केनचे 'डिसऑनर्ड' आणि 2017 चा 'प्रे' हे गेम ज्यांनी खेळलेत त्यांना हे नाव सांगावं लागत नाही. एका कुलुपबंद दाराला पाच वाटा ठेवायच्या आणि कुठली घ्यायची ते खेळणाऱ्यावर सोडायचं, ही कोलांतोनियोंची जुनी आवड. ती इथे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ओसाड मुलखात आली आहे. शेरीफ, दारूचे अड्डे, घोडे, इनामाच्या नोटिसा हे सगळं ओळखीचं. आणि त्याच वाळूत चेटकिणी, नरलांडगे, डुकराच्या तोंडाची माणसं, थडग्यातून उठणारी प्रेतं. कॅमेरा वरून तिरका बघतो आणि चित्रांच्या रेषा कॉमिकच्या पुस्तकासारख्या जाड आहेत.

पात्रं पाच, आणि ती एकामागून एक येतात. पहिली जेन बेल. गुन्हेगार पकडून इनाम कमावण्याचा धंदा सोडून संसाराला लागलेली बाई. स्टिलवॉटर नावाची टोळी तिच्या मुलाला मारते, नवऱ्याला उचलून नेते, आणि ती पुरून ठेवलेली जुनी हत्यारं पुन्हा उकरून काढते. तिची गोष्ट संपली की जाग येते ती डुक्करमाणसाच्या शरीरात. त्याला आपण कोण होतो तेच आठवत नाही. मग अक्रॉस रिव्हर्स नावाचा आदिवासी योद्धा, मग डेसिदेरियो रिओस हा नरलांडगा, आणि शेवटी कॉन्स्टन्स मॉस, स्वप्नांची विद्या जाणणारी. पाचही जणांच्या मानेवर एकच डाग आहे. तो का आहे हे कोडं सबंध गेमभर चालतं आणि ते मी इथे फोडणार नाही.

आता हिशोबाला बसू.

रोल-प्लेइंग गेमची आपल्याला एक सवय लागलेली असते. शत्रू मारला की अनुभवाचे गुण, गुण साठले की लेव्हल, लेव्हल वाढली की पात्र ताकदवान. सगळी कमाई पात्राच्या अंगावर. 'विअर्ड वेस्ट'मध्ये अनुभवाचे गुण नाहीत, लेव्हलही नाहीत. शंभर डाकू मारा, तेवढ्याने तुमची ताकद तसूभरही वाढत नाही. ताकद वाढते ती शोधून सापडणाऱ्या दोन वस्तूंनी. एक म्हणजे निंप रेलिक. हे अवशेष वापरून त्या-त्या पात्राच्या खास विद्या आणि हत्यारांच्या करामती उघडतात, आणि पात्र बदललं की त्या जातात. नव्या माणसाला नव्याने शोधावं लागतं. दुसरी वस्तू इस्पिकचा सोनेरी एक्का. या पत्त्यांनी मिळणारे कायमचे फायदे पाचही पात्रांना लागू राहतात. म्हणून तळघर असो, सोडून दिलेली खाण असो, कोपरा न्‌ कोपरा धुंडाळा असं मी सगळ्यांना सांगते. रेलिक आजचं काम भागवतो, एक्का पाचव्या पात्रापर्यंत पुरतो.

राहिल्या बंदुका आणि पैसे. ते जातात कुठे? जेनकडेच राहतात. आणि जेन कुठे जाते? कुठेच नाही. ती याच नकाशावर, तिच्या घरी असते.

मला हा गेम खऱ्या अर्थाने इथे आवडला. डुक्करमाणसाचा भाग सुरू झाला की तुमच्याकडे जेमतेम काहीतरी असतं. नकाशा उघडायचा, जेनच्या घरावर बोट ठेवायचं आणि चालत निघायचं. वाटेत दिवस मावळतो, कधी कोल्हे-लांडगे आडवे येतात, कधी लुटारू. तिथे पोहोचावं तर अंगणात ती उभी असते, जिला आपण इतका वेळ आतून चालवलं. आता ती समोर आहे आणि आपण परके आहोत. तिच्याशी बोलायचं, सोबत ये म्हणायचं. ती आली की आपल्याच हाताने सुधारून घेतलेली रायफल तिच्या सामानात तशीच असते. हवी तर मागून घ्यायची, किंवा तिच्याच हातात ठेवायची आणि आपण पुढे घुसायचं. मी नेहमी तिच्या हातातच ठेवते. एका वेळी दोन साथीदार घेता येतात, आणि जुनं पात्र साथीला असलं की लढाईचा रंगच बदलतो. पण एक लक्षात ठेवा. साथीदार मेला तर मेला, तो परत येत नाही. स्वतः उभ्या केलेल्या जेनला गोळ्यांच्या तोंडी द्यायचं की तिच्या घरी सुखाने राहू द्यायचं, हा निर्णय जड जातो. कुठल्याही लेव्हलच्या आकड्याने मला इतकं थांबवलेलं नाही.

हे झालं पात्राचं. गावांचं त्याहून मोठं आहे. या गेममध्ये जवळजवळ कुणालाही मारता येतं. दुकानदार मेला की दुकान बंद. गावातली बरीच माणसं मेली की गाव ओस पडतं, आणि ओस पडलेली जागा रिकामी राहत नाही. कधी नवी माणसं येऊन वसतात, कधी भुतंखेतं आणि पिशाच्चं ठाण मांडतात. ग्रॅकल हे जेनच्या कथेतलं पहिलं मोठं गाव. टोळीचा धुमाकूळ तिथूनच समजू लागतो. तिथल्या माणसांना तुम्ही जगवलंत तर तिसऱ्या-चौथ्या पात्राला तिथे दुकानं उघडी मिळतात, विसाव्याला जागा मिळते. जेनच्या हाताने घडलेल्या किंवा बिघडलेल्या गोष्टीत नरलांडगा चालत येतो. त्याला ते कुणी केलं हे ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक असतं.

माणसंही विसरत नाहीत. एखाद्याचा जीव वाचवला, अडचणीत मदत केली, तर तो जन्माचा मित्र होतो. मग कधीतरी तुम्ही चारी बाजूंनी घेरले गेलेले असता, औषधं संपलेली असतात, आणि बाजूच्या खडकामागून गोळ्या सुटू लागतात. तो आलेला असतो. तुम्ही हाक मारलेली नसते. हे उलटही चालतं. लढाईतून एखादा डाकू पळाला आणि तुम्ही पळू दिलंत, तर तो वैर धरतो आणि माणसं जमवून परत येतो. त्यामुळे पाठ दाखवून पळणाऱ्यावर नेम धरायचा की नाही, हा प्रश्न प्रत्येक चकमकीच्या शेवटी उभा राहतो आणि त्याचं उत्तर दर वेळी वेगळं येतं. जिवंत पकडून शेरीफच्या ताब्यात द्यायचा मार्गही इनामाच्या कामांत असतो. तो अवघड आहे. मी शक्यतो तोच घेते.

बदली होऊन गेलेल्या शिक्षकाचं जसं असतं, तो गेला तरी त्याने शिकवलेली पोरं गावातच राहतात, तसं इथे प्रत्येक पात्राचं होतं.

अजून एक कमाई आहे, तिचा हिशोब कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. ती तुमच्या हातात आणि डोक्यात बसते. विअर्ड वेस्टमध्ये आग, पाणी, तेल, विष, वीज यांचे नियम ठरलेले आहेत आणि ते सगळ्यांना सारखेच लागू होतात, तुम्हालाही. तेलाचं पिंप फुटलं की तेल जमिनीवर पसरतं, त्यावर कंदील फेकला की भडका. पाण्यात उभ्या असलेल्याला विजेचा झटका बसतो. पाऊस आला की लावलेली आग विझते. अक्रॉस रिव्हर्सकडे वावटळ उठवायची विद्या आहे. ती नुसती सोडली तर माणसं उडवते. पण ती जळत्या गवतावरून गेली तर आग उचलते, आणि मग छावणीतून आगीचा खांब फिरत जातो. हे करून पाहा असं गेम मध्येच थांबून सांगत नाही. तेल आणि आग जेनच्या भागात हाताळलेली असते म्हणून वावटळ हाती आल्यावर आपोआप सुचतं. उडी मारून हवेत असताना वेळ मंदावते आणि त्या क्षणात नेम धरता येतो. ही युक्ती पहिल्या पात्रापासून सगळ्यांकडे असते, पण ती अंगवळणी पडायला दुसरं पात्र उजाडतं. विद्या काढून घेतली तरी ही समज कुणी काढून घेत नाही. डुक्करमाणसाच्या पहिल्याच मारामारीत तुम्ही जेनच्या पहिल्या मारामारीपेक्षा कितीतरी सफाईने हालचाल करता. शून्यापासून सुरुवात म्हणणाऱ्यांनी हे स्वतःच्या हातांकडे बघून तपासावं.

आणि पात्र बदलण्याचं कारण निव्वळ खेळाच्या यंत्रणेत नाही. वेस्टर्न, म्हणजे त्या मुलखातल्या काउबॉयच्या गोष्टी, म्हटलं की वर्षानुवर्षं आपल्याला एकाच माणसाच्या नजरेतून तो मुलूख दाखवला गेला: घोड्यावरचा गोरा बंदूकधारी. बाकीचे त्याच्या वाटेतले अडथळे. इथे तीच धूळ, तीच गावं, पण आधी सूड घ्यायला निघालेली आई, मग लोक ज्याच्याकडे तिरस्काराने बघतात असा डुक्करमाणूस, मग ज्याची ती भूमीच मुळात आहे असा माणूस. अक्रॉस रिव्हर्सचा समाज गेममध्ये काल्पनिक असला तरी तो उत्तर अमेरिकेतल्या अनिशिनाबे लोकांवरून घेतला आहे. त्याच्या भागात सोन्याची हाव धरलेल्या आत्म्याशी सामना आहे आणि तो भाग मला पाचांत सगळ्यात जवळचा वाटतो. एकाच पात्राला शेवटपर्यंत वाढवत नेलं असतं तर हा मुलूख एकाच बाजूने दिसला असता. मग जेनची रायफल तीन पट ताकदवान झाली असती तरी मला त्याचं काही वाटलं नसतं.

तक्रारीला जागा नाही असं मात्र मी म्हणत नाही. सामानाची पिशवी सांभाळणं हा खरोखर त्रास आहे. प्रत्येक पिंप, प्रत्येक कपाट उघडता येतं, त्यात मोडकं भांडं, तुटका डबा असलं भंगार निघतं आणि पिशवी भरते. पहिले काही तास यात फार वेळ जातो. वाटेत लागणाऱ्या जागा पुढे पुढे सारख्या दिसू लागतात. गर्दीच्या लढाईत साथीदार नको तिथे घुसतात. डुक्करमाणसाचा भाग मधेच रेंगाळतो, आणि नेमका तिथेच बरेच जण गेम सोडतात. मला येणारे प्रश्नही बहुतेक तिथूनच येतात. म्हणून विनंती आहे, दुसऱ्या पात्रावर थांबू नका. तिसऱ्याच्या हातात वावटळ येईपर्यंत तरी खेळा.

जे आता नव्याने सुरू करणार आहेत त्यांनी जेनचा भाग घाईने उरकू नये. नवऱ्याच्या शोधात तिची धावपळ असते हे खरं, आणि काही कामांना मुदतही असते, तेवढी पाळा. पण वाटेत कुणी बांधून ठेवलेला दिसला तर सोडवा. गावात उगीच हत्यार काढू नका, दुकानदार तर जपाच. भाग संपत आला असं वाटलं की चांगली हत्यारं विकून न टाकता तिच्याकडेच ठेवा. एक्के दिसले की उचला आणि लगेच वापरा, साठवून ठेवून काही मिळत नाही. पाचव्या भागात, कॉन्स्टन्सच्या हाती सूत्रं आल्यावर, आधीच्या चौघांनी काय-काय केलं ते सगळं पुढे येतं. त्या वेळी तुमच्या जेनबद्दल काय ऐकायला मिळेल ते तुम्ही पहिल्या काही तासांतच ठरवत असता.