खेकडा प्यायचा असतो

आखाडातली दुपार. सकाळी भुरभुर येऊन गेलेली, ऊन नावापुरतं. आठवडी बाजारात भाजीची ओळ संपते तिथं कुणीतरी ओलं पोतं पुढ्यात घेऊन बसलेलं असतं आणि पोत्यातून खरखर ऐकू येते. एवढ्यानं पाय थबकतात.

“मावशी, खेकडं कसे द्यायलात?”

“घ्या की दादा, सगळे जित्ते हायत.”

भाव नंतर. आधी जित्ते आहेत का ते बघायचं, कारण मेलेला खेकडा फुकट मिळाला तरी घेऊ नये. त्याच्या पोटातल्या पिवळ्या गरात पचनाचे रस असतात. जीव गेला की ते त्याचंच मांस विरघळवायला लागतात आणि आपल्याकडच्या उकाड्यात दोन-चार तासांत वास सुटतो. तो वास कुठल्याही मसाल्यानं झाकत नाही.

मराठवाड्याला समुद्र नाही. आहेत त्या गोदावरी, मांजरा, पूर्णा, दुधना, सिंदफणा, आणि त्यांना मिळणारे ओढे. त्यांच्या काठाला बिळं करून राहणारा हा काळपट खेकडा, शास्त्राच्या पुस्तकात बॅरिटेल्फुसा, कोकणातल्या माणसाला दाखवला तर तो हसतो. हसू दे. चिंबोरी फोडली की मांसाचा गोळा हाती येतो. आपल्या खेकड्याच्या दोन नांग्यांत काय ते घासभर, बाकीच्या आठ पायांत दाताला लागेल एवढंही नाही. हा खेकडा खायला बसलेला माणूस अर्धपोटी उठतो. हा प्यायचा असतो. आणि प्यायचा म्हटल्यावर सगळा हिशेब उलटा होतो: ज्या बारीक पायांत खायला काही नाही, त्यांच्यावरच रस्सा उभा राहतो. साफ करताना पाय फेकून देणारी माणसं बघितली की वाईट वाटतं.

निवडायचं कसं? सारख्या मापाचे दोन हातात घ्यायचे आणि जड तो ठेवायचा. पाठीच्या कडेला अंगठ्यानं दाबून बघायचं. दबली तर त्यानं नुकतीच कात टाकली आहे, आत पाणीच निघेल. अमावास्येचा भरलेला आणि पुनवेचा पोकळ, असं जुनी माणसं सांगतात. सांगोत. कॅलेंडरपेक्षा तळहात खरा.

मग उलटा करायचा. पोटाची झडप अरुंद, तिकोनी असली तर नर. त्याची एक नांगी दुसरीहून चांगलीच थोराड असते. झडप रुंद आणि गोल असली तर मादी. ती झडप फुगलेली दिसली तर जरा उचलून बघावं. पावसाच्या सुरुवातीला आत अंडी नाहीतर बारकी बारकी पिलं चिकटलेली असतात. खेकडीची पिलं आईचं पोट फोडून बाहेर येतात, असं गावोगाव छातीठोक सांगतात, ते ह्यावरूनच निघालं असणार. तसं काही नसतं. समुद्रातली खेकडी लाखांनी अंडी घालते आणि पिलं पाण्यात वाहत वाढतात. ओढ्यातली थोडीच आणि मोठी अंडी घालते, त्यातून थेट चालते खेकडेच निघतात आणि काही दिवस आईच्या झडपेखाली राहतात. अशी एक पातेल्यात गेली की ओढ्याचं पुढचं साल गेलं. तिला परत सोडायची.

पोरं मात्र निवडत बसत नाहीत. ओढ्याच्या काठावर धसकटासारख्या काडीला सुतळी, सुतळीला कोंबडीचं आतडं, आणि चारपाच डोकी बिळावर वाकलेली. गळाला आकडा नसतो, लागतही नाही. खेकडा आतडं धरतो आणि हट्टानं सोडत नाही. कौशल्य असतं ते हळू ओढण्यात. झटका दिला की पाण्याबाहेर येता येता तो सोडून देतो, म्हणून एकजण खाली घमेलं धरून बसतो. ज्याला फार घाई असते तो बिळात हात घालतो. तोंडाशी ओल्या चिखलाच्या ताज्या गोळ्या आणि पायांच्या रेघा असतील तर आत खेकडा असण्याची शक्यता जास्त, एवढंच. सापही असली आयती बिळं बघूनच शिरतो.

घरी आणल्यावर लगेच कापायला घेऊ नये. बादलीत चार बोटंच पाणी, वर ओलं पोतं, संध्याकाळपर्यंत दोन-तीनदा पाणी बदलायचं, म्हणजे चिखल निघतो. हौसेनं बादली काठोकाठ भरणारे असतात. साचलेल्या पाण्यातली हवा संपते आणि खेकडे गुदमरतात. ओल्या पोत्याखाली ते कितीतरी बरे राहतात.

कापण्याआधी फ्रीजच्या बर्फाच्या खणात वीस-पंचवीस मिनिटं ठेवले की बधिर होतात. त्यालाही त्रास कमी, आपल्या बोटांनाही. मग ब्रशनं सांध्यासांध्यातून घासून धुवायचे. हे धुणं शेवटचं. फोडल्यावर नळाखाली धरला की रस्सा मोरीत गेला म्हणून समजा. आधी नांग्या मुळाशी पिरगाळून काढायच्या, मग आठही पाय. झडप ओढून टाकायची, मागच्या बाजूनं अंगठा घालून पाठ उचलायची. दोन्ही अंगांना करड्या पिसांसारखे कल्ले दिसतात ते टाकायचे, तोंडामागची बारकी थैली टाकायची. पिवळा गर वाटीत काढून ठेवायचा.

आता पाय. आठ-दहा मध्यम खेकड्यांचे पाय, टोकाची नखं मोडून, उखळात किंवा पाट्यावर ठेचायचे. मिक्सर चालतो, पण दीड कप पाणी घालून चार-पाच वेळा थांबत थांबतच फिरवायचा. एकसारखा फिरवला तर कवचाचं पीठ होतं, फडक्यातून निसटतं आणि वाटीच्या तळाशी कचकच लागते. मलमलचं फडकं ओलं करून गाळायचं, चोथ्यात आणखी अर्धा कप पाणी घालून पुन्हा पिळायचं. दहा मिनिटं तसंच ठेवून वरचं ओतून घ्यायचं, तळाचा गाळ टाकायचा. जे हाती येतं ते राखाडी, गढूळ पाणी असतं; माहीत नसलेला माणूस ते झाडाला घालेल. पाटा, फडकं, हात मात्र तिथल्या तिथं गरम पाण्यानं धुवावेत. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसात जाऊन बसणारा एक चपटा कृमी असू शकतो. उकळल्यावर तो मरतो. कच्च्या रसाच्या हातानं कापलेल्या कांद्यावर मात्र जिवंत राहतो.

मसाल्याला दोन कांदे निखाऱ्यावर किंवा गॅसवर काळे होईस्तोवर भाजायचे. अर्धी वाटी सुकं खोबरं, चमचाभर तीळ, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, आल्याचा तुकडा, मूठभर कोथिंबीर. ओल्या खोबऱ्याचं काम मालवणात. इथं त्यानं रस्सा गोडसर आणि मिळमिळीत होतो. चार चमचे करडईचं तेल तापवून वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. करडई आपल्याच शिवारात पिकते, परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे वाणही काढलेत, तरी घराघरात सोयाबीनचा डबा येऊन बसला आहे, ते असो. आच कमी करून मग दोन मोठे चमचे काळं तिखट. मोठ्या आचेवर तिखट करपलं तर कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. मिनिटभर पिवळा गर परतून घ्यायचा, मग धडं आणि जरा ठेचलेल्या नांग्या. काळपट खेकडा बघता बघता केशरी-तांबडा होतो. तो रंग आधीपासून कवचात असतो, प्रथिनाला बांधलेला. गरमीनं प्रथिन सुटतं आणि रंग दिसतो. रंग आला म्हणजे शिजला असं नाही. सहा कप कढत पाणी घालून, झाकण तिरपं ठेवून, वीस मिनिटं. पूर्ण झाकलं तर उतू जाणार.

येसर असेल तर आता. भाजलेल्या धान्याडाळींचं आणि मसाल्यांचं ते पीठ लग्नाच्या आमटीपुरतंच काढायचं, असा काही नियम नाही. दोन चमचे येसर गार पाण्यात कालवून मग ओतायचं; कोरडं टाकलं की गुठळ्या.

आणि मग तो राखाडी रस. नव्वद टक्के रस्से इथं बिघडतात. ह्या पाण्यात खेकड्याचं प्रथिन विरघळलेलं असतं, ते तापलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठतं. उकळत्या रश्शात एकदम ओतलं तर तवंगाखाली गठ्ठे तरंगतात आणि खाली मसाल्याचं पाणी उरतं. म्हणून आच मंद करून आधी दोन पळ्या गरम रस्सा थोडा थोडा करत त्या रसात मिसळायचा, मग रस बारीक धारेनं पातेल्यात, आणि पहिली उकळी येईपर्यंत पळी थांबवायची नाही. गोठायचं ते गोठतंच, पण कणाकणानं, आणि येसरामुळं कण विखुरलेले राहतात. त्यानंतर चांगली दहा मिनिटं उकळू द्यायचं. मीठ शेवटी, पण हात आखडू नये; समुद्राच्या खेकड्यासारखा खारटपणा ह्याच्या अंगात नसतो. उतरवताना चिंचेचा कोळ, चमचाभरच. टोमॅटो नको. का नको ह्यावर वाद घालायची तयारी आहे, पण जेवण झाल्यावर.

गंमत अशी की व्हिएतनाममध्ये भातखाचरातले खेकडे अगदी असेच ठेचतात, असंच पाणी गाळतात, आणि चुलीवर ठेवल्यावर थोडं ढवळून पळी बाजूला ठेवतात. त्यांना ते गठ्ठेच हवे असतात. वर आलेली लादी अलगद काढून शेवयांच्या सुपावर ठेवतात, त्या पदार्थाला बुन रिएउ म्हणतात. तमिळ घरांतलं नंडू रसम मिरे, जिरे, लसूण ठेचून पातळच ठेवतात, सर्दीवर देतात. सर्दी खेकड्यानं जाते की मिऱ्यानं, हे कुणी वेगळं करून बघत नाही. अमेरिकेत चार्ल्सटनला मादीच्या अंड्यांचं, साईचं आणि शेरी दारूचं सूप करतात. झडपेखाली अंडी बाहेर आलेली मादी तिथं कायद्यानं परत सोडावी लागते, आणि आतली अंडी नसतील तर उकडलेल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक कुस्करून घालतात. हे सगळं चालेल. हायवेवरच्या हॉटेलात कॉर्नफ्लॉवरच्या खळीत चार नांग्या बुडवून ‘क्रॅब सूप’ म्हणून आणतात, ते चालणार नाही.

रस्सा आधी वाटीनं नुसता प्यावा, घाम फुटेपर्यंत. मग ज्वारीची भाकरी कुस्करून. भात नको, तो चव पिऊन टाकतो.

खेकडा तसा चिवट. पाणी आटलं की ओल लागेपर्यंत खाली खणत जातो आणि तोंड बुजवून बसतो. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या २०१६ सारख्या उन्हाळ्यातही त्याला करायला एवढंच काम असतं. फवारणीचं मात्र त्याला काही करता येत नाही. कपाशी-सोयाबीनवरचं औषध पावसाबरोबर ओढ्यात उतरतं, आणि असली विषं खेकड्याच्या अंगात साठतात ती बऱ्याच अंशी त्या पिवळ्या गरातच, ज्याच्यावर आपला सगळा जीव. ते उकळून जात नाही. तेव्हा मावशीला भावाआधी शिवार विचारायचं. ओढ्याच्या वरच्या अंगाला कपाशी असेल आणि आठवड्यात फवारा झाला असेल, तर त्या दिवशी पिठलं करायचं.