पीपॅपची फाईल दोनदा परत आली त्याची गोष्ट

सीपीके, म्हणजे मापं मर्यादेच्या आत किती आरामात बसतात त्याचा आकडा, 1.71 आला तेव्हा मी अख्ख्या लाइनला चहा पाजला. 18 मिमीचा शाफ्ट, टॉलरन्स (चालणारा फरक) ±0.02, ग्राहकाची अट किमान 1.67. पाच-पाच जॉबचे, म्हणजे तयार शाफ्टचे, 25 गट, 125 रीडिंग, कंट्रोल चार्टवर (गटांच्या सरासरीच्या आलेखावर) एकही बिंदू मर्यादेबाहेर नाही. पीपॅपची, म्हणजे ग्राहकाकडे जॉबची मंजुरी मागायची फाईल पाठवली.

अकरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर: 'एमएसए नॉट ओके, रीसबमिट.' एमएसए म्हणजे मोजमापाची तपासणी, पण त्यात काय नॉट ओके? फोन केला की साहेब मीटिंगमध्ये.

गेज आर अँड आरचा, म्हणजे एकूण फरकात मोजणीचाच वाटा किती त्याचा, आकडा 41 टक्के होता, हे मला दिसत होतं. 10 च्या आत उत्तम, 30 च्या वर बाद. पण का, ते कळेना. तीन ऑपरेटर, दहा जॉब, प्रत्येकी तीनदा मोजणी, सगळं नियमाने केलं होतं. शेवटी आमच्या लाइनवरचे जुने मामा म्हणाले, "साहेब, रेघ जुळतच नाही. मधेच राहते. मग कधी अलीकडचं लिहितो, कधी पलीकडचं."

झालं! एकूण टॉलरन्स 0.04 आणि मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वांत लहान माप) 0.01. टॉलरन्सचे निदान दहा भाग तरी मोजता यायला हवेत. आम्ही चारच मोजत होतो. आर चार्टवर, म्हणजे प्रत्येक गटातल्या सर्वांत मोठ्या आणि लहान मापातला फरक दाखवणाऱ्या आलेखावर, शून्य, 0.01, 0.02 एवढेच आकडे पायऱ्यांसारखे दिसत होते आणि मी त्यालाच स्थिर प्रक्रिया समजून चहा पाजला होता.

0.001 चा डिजिटल मायक्रोमीटर मागवला. मालकांनी किंमत ऐकून तोंड वाकडं केलं. तरी आकडा 33. फाईल तशीच रेटली, उतावीळपणा माझाच. पुन्हा नऊ दिवस, पुन्हा तीच ओळ.

यावेळी चूक जॉब निवडण्यात होती. मी मशीनवरून लागोपाठ उतरलेले दहा उचलले होते. ते जुळ्या भावंडांसारखे, मग मोजणीतला फरकच मोठा दिसणार. वेगवेगळ्या शिफ्टचे, इन्सर्ट (कापणारं पातं) बदलण्याआधीचे आणि नंतरचे जॉब घेतले तेव्हा 17 आला. 10 ते 30 मध्ये ग्राहकाची संमती लागते, ती मिळाली. 125 रीडिंगही नव्याने घेतली, सीपीके 1.78.

म्हणून आधी मोजमाप तपासा, मगच चार्ट काढा. मामांना विचारायचं तर पहिल्याच दिवशी विचारा. आणि मायक्रोमीटरच्या टोकाचा रॅचेट फिरवूनच मोजायला लावा, नुसता थिंबल (फिरणारी नळी) आवळू देऊ नका. हो, एक राहिलंच: कंट्रोल चार्टवर ड्रॉइंगची मर्यादा आखू नका. पाचच्या गटाला सरासरीच्या वर-खाली 0.577 गुणिले आर-बार (गटांमधल्या फरकांची सरासरी), एवढंच. आमच्या भिंतीवर दोन वर्षं चुकीच्या रेघा होत्या आणि ऑडिटरनेही कधी विचारलं नाही.