जुन्या पिकअपला डिस्क ब्रेक: माझा अनुभव

द्राक्षांचे क्रेट भरून नाशिकहून वाशी मार्केटला जायचं म्हणजे कसारा घाट उतरणं आलंच. आमच्या जुन्या डिझेल महिंद्रा पिकअपला चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू घासून थांबवणारे. घाटात ड्रम तापले की फुगतात, शूपासून लांब जातात आणि पेडल खोल जायला लागतं. पावसात पाणी शिरलं तर ब्रेक असून नसल्यासारखे. गाडी वडिलांची, विकायची नव्हती. म्हणून ब्रेकच बदलायचे ठरवले.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या मिस्त्रींनी चाकांना हातच लावला नाही, बॉनेट उघडलं. "डिस्कचं नंतर बघू भाऊ, आधी हा मास्टर सिलेंडर काढू." मास्टर म्हणजे पेडल दाबलं की पाइपांतून ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलेंडर. जुन्या मास्टरमध्ये एकच सर्किट होतं, म्हणजे कुठलाही एक पाइप फुटला तरी चारही ब्रेक गेले. टँडम मास्टरमध्ये पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं असतं. खिशात पैसे कमी असतील तर आधी हेच करावं, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या चाकांना डिस्क घालायची तर बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा, हवाच. ड्रममध्ये शू फिरत्या ड्रमबरोबर आपसूक आत ओढला जातो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती; तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडला ती मदत नाही, सगळा जोर पायाचा. पेट्रोल गाडीत बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधून मिळतो. जुन्या डिझेल इंजिनाला ती हवा अडवणारा थ्रॉटल नाही, तिथे तो तयारच होत नाही. म्हणून व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटर बसवला. हबचं काम लेथवर झालं. पॅड धरणारा कॅलिपर रिमला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून पाहिलं.

मागे ड्रमच ठेवले, लायनर आणि व्हील सिलेंडर मात्र नवे. जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून डॉट ४ भरलं. ऑइल हवेतला ओलावा पितं: नवं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. पाइपांत अडकलेली एअर काढायला मिस्त्रींनी मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली.

बूस्टर तपासायची रीत त्यांनीच दाखवली. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबायचं, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारायचा. पेडल थोडं खाली गेलं की बूस्टर चालू.

आता भरलेली गाडी कसाऱ्यात सरळ थांबते. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायची आमच्या ड्रायव्हरची सवय तेवढी लगेच सोडवली. पंप थांबला की दोन-चार वेळा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो.