सेहेचाळीस नंबरच्या कोर्टात

ओव्हल मैदानावरून मुंबई उच्च न्यायालयाची इमारत आजवर कितीदा पाहिली असेल, पण आत पाऊल पडलं ते परवाच्या शनिवारी, हेरिटेज वॉकच्या निमित्ताने. मला खरं तर एकच जागा बघायची होती, ४६ नंबरचं कोर्ट.

इमारत केवढी थोरली आहे हे जवळ गेल्यावर जाणवतं. लांबी ५६२ फूट! कर्नल जेम्स फुलर या इंग्रज अभियंत्याने आराखडा केला, १८७१ मध्ये काम सुरू झालं आणि १८७८ मध्ये संपलं. टोकदार कमानी, उतरती छपरं, सगळा थाट युरोपातल्या गॉथिक वास्तूंचा. दगड मात्र आपला काळा बेसॉल्ट. भिंतीला तळहात लावला आणि सह्याद्रीतला एखादा बुरूज आठवला. मैदानाकडच्या दोन अष्टकोनी मनोऱ्यांत न्यायमूर्तींचे खासगी जिने आहेत. त्या मनोऱ्यांच्या माथ्यावर न्याय आणि दया या दोन देवता उभ्या आहेत. न्यायाच्या जोडीला दया हवी, हे बांधणाऱ्यांना सुचलं याचं मला फार अप्रूप वाटलं.

आत खांबांवरच्या कोरीव कामापाशी मी रेंगाळलो. एक माकड हातात तराजू धरून बसलंय, एका डोळ्यावर पट्टी. दुसरीकडे वकिलाचे बँड गळ्यात घातलेला कोल्हा. कुणा कंत्राटदाराने खटला हरल्याचा राग असा काढला, असं सांगतात. खरंखोटं काहीही असो, त्या कारागिराची छिन्नी धीट होती.

मग ४६ नंबर. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला इथेच चालला. ज्युरीतले सात युरोपियन म्हणाले दोषी, दोन पारशी म्हणाले निर्दोष. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दावर म्हणजे १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले तेच दावर. हे वाचून ठाऊक होतं, तरी त्या खोलीत उभं राहिल्यावर घशात काहीतरी अडकलं.

दाराबाहेर संगमरवरी फलक आहे, १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी अनावरण केलेला. ज्युरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोषच आहे, हे शिक्षेआधीचे टिळकांचे बोल त्यावर कोरलेत. ज्या कोर्टाने दोषी ठरवलं, त्याच्याच भिंतीवर. बाकीची मंडळी जिना उतरून गेली होती. मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागलो.