पाचाचे सहा, सहाचे पाच

संविधानावर बोलण्यासाठी अभ्यासमंडळे आणि महाविद्यालये मला अधूनमधून बोलावतात, आणि बोलणे संपले की एक प्रश्न हमखास येतो: "निवडणूक तोंडावर आली असताना सरकारने घटनादुरुस्ती केली, तर त्यात गैर काय? निवडून आलेले सरकार शेवटच्या दिवसापर्यंत सरकारच असते ना?" विचारणारा कधी सत्तेच्या बाजूचा असतो, कधी विरोधातला, आणि सरकार बदलले की हाच प्रश्न नेमका उलट्या तोंडून ऐकू येतो. दोन मिनिटांत त्याचे धड उत्तर देता येत नाही. म्हणून, तुम्ही विचारलंत म्हणून, सविस्तर लिहीत आहे.

कायद्याने पाहिले तर गैर काहीच नाही. अनुच्छेद ३६८ नुसार घटनादुरुस्तीला प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांचा पाठिंबा लागतो. काही तरतुदींसाठी त्याखेरीज किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती लागते. लोकसभेच्या कितव्या वर्षी दुरुस्ती करावी, याबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही. पहिल्या अधिवेशनात जो अधिकार, तोच शेवटच्या अधिवेशनात. तेव्हा तुमच्या प्रश्नातला "गैर" हा शब्द कायद्याचा नाही, तो कौलाचा आहे. मतदाराने दिलेला कौल पाच वर्षे एकसारखा ताजा राहतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो राहत नाही.

माझ्याजवळच्या संविधानाच्या प्रतीत अनुच्छेद ८३ चे पान आता हाताळून मऊ पडले आहे. लोकसभेची मुदत सांगणाऱ्या खंडात "पाच वर्षे" हे शब्द चौकटी कंसात आहेत आणि खाली बारीक अक्षरांत तळटीप आहे: बेचाळिसाव्या दुरुस्तीने "पाच वर्षे" याऐवजी "सहा वर्षे", ३ जानेवारी १९७७ पासून, चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने "सहा वर्षे" याऐवजी पुन्हा "पाच वर्षे", २० जून १९७९ पासून. विद्यार्थ्यांपुढे मी हे पान उघडून ठेवतो. आपल्या लोकशाहीला सोसावा लागलेला एक मोठा आघात त्या दोन ओळींत मावला आहे.

१९७१ च्या मार्चमध्ये निवडून आलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपायची होती. आणीबाणीत ही मुदत कायद्याने एका वेळी एक वर्ष वाढवता येते, आणि त्या तरतुदीखाली ती आधी एकदा आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये पुन्हा एकदा वाढवली गेली. त्याच नोव्हेंबरात बेचाळिसावी दुरुस्ती दोन्ही सभागृहांनी मंजूर केली. विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, आणि ज्या सभागृहाची मूळ मुदत केव्हाच उलटून गेली होती, त्याने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षे केली. नुसती पुढच्या लोकसभांसाठी नव्हे, तर स्वतःलाही लागू होईल अशी. घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, हेही तिने त्याच वेळी लिहून ठेवले. कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो ते याला.

तीच लोकसभा तिच्या पहिल्या वर्षात पाहिली, तर चित्र अगदी वेगळे दिसते. संस्थानिकांचे तनखे, म्हणजे त्यांना सरकारकडून मिळणारी वार्षिक रक्कम, बंद करण्याचा प्रश्न तिच्या आधीपासून गाजत होता; गृहमंत्री असताना यशवंतराव चव्हाणांनी संस्थानिकांशी त्यावर दीर्घ वाटाघाटीही केल्या होत्या. त्यासाठीचे घटनादुरुस्ती विधेयक सप्टेंबर १९७० मध्ये तिच्या आधीच्या लोकसभेत मंजूर झाले आणि ५ सप्टेंबरला राज्यसभेत मताला पडले. बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४ मतांच्या दोन-तृतीयांश म्हणजे १४९ आणि एक-तृतीयांश. माणसाच्या मताचे तुकडे होत नाहीत, म्हणून १५० लागत होती, विधेयक पडले. सरकारने मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर १९७० रोजी तो आदेश रद्द ठरवला. त्यानंतर बाराच दिवसांत लोकसभा विसर्जित झाली, मुदत संपायला वर्षाहून अधिक काळ शिल्लक असताना. सत्ताधारी पक्षाने १९७१ च्या जाहीरनाम्यात घटनादुरुस्तीसाठी उघडपणे कौल मागितला आणि तो ३५२ जागांनिशी मिळवला. सव्विसावी दुरुस्ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाली आणि तनखे संपले.

तनखे बंद करणे योग्य होते की दिलेला शब्द मोडणे होते, याबद्दल तुमचे-माझे मत वेगळे असू शकते. पण मतदाराला आधी विचारले गेले होते, हे नाकारता येणार नाही. सव्विसावी आणि बेचाळिसावी या दोन्ही दुरुस्त्या एकाच लोकसभेने केल्या. पंतप्रधान त्याच, सभागृह तेच. फरक होता तो मधल्या पाच वर्षांचा आणि मतदाराला विचारण्याचा. म्हणून कौल शिळा होतो, असे मी म्हणतो.

आता १९५१ कडे वळले पाहिजे, कारण चर्चेत कुणीतरी त्याचा दाखला देतेच, आणि तो द्यायलाही हवा. पहिली घटनादुरुस्ती पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या काही महिने आधी, जून १९५१ मध्ये झाली. ती करणारी संसद हंगामी होती, प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती, आणि राज्यसभा तेव्हा अस्तित्वातच नव्हती. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर नवी बंधने आली, कायद्यांना न्यायालयीन आव्हानापासून वाचवणारी नववी अनुसूची आली, जमीन सुधारणांना संरक्षण मिळाले, आणि मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा मार्ग अनुच्छेद १५(४) ने मोकळा झाला. श्यामाप्रसाद मुखर्जींसारख्या विरोधकांनी सभागृहात तीव्र विरोध केला. इतका मूलभूत बदल निवडून आलेल्या संसदेने करावा, हा त्या वेळच्या आक्षेपांतला एक प्रमुख आक्षेप होता. शंकरी प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हंगामी संसदेचा अधिकार मान्य केला. मला त्या दुरुस्तीतला १५(४) मोलाचा वाटतो, जमीन सुधारणांची निकडही समजते, आणि तरीही अभिव्यक्तीवरच्या बंधनांपुरती ती घाई चुकीची होती असेच माझे मत आहे. वर्षभर थांबून, मतदान केलेल्या नागरिकांच्या प्रतिनिधींपुढे तो भाग ठेवता आला असता. आवडत्या नेत्याची घाई आणि नावडत्या नेत्याची घाई यांना वेगवेगळे माप लावायचे असेल, तर या विषयावर बोलूच नये.

याचा अर्थ निवडणुकीआधीची प्रत्येक दुरुस्ती संशयास्पद असते, असा नाही. मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आणणारी एकसष्टावी दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली आणि नोव्हेंबरात निवडणूक झाली. नवे मतदार कोणाला मत देतील हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि सत्ताधारी पक्ष ती निवडणूक हरला. त्याच वर्षी पंचायत राज्याचे चौसष्टावे दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर होऊन ऑक्टोबरमध्ये राज्यसभेत पडले. राज्यांना डावलून दिल्लीचा हात थेट गावापर्यंत पोचवण्याचा आणि निवडणुकीत त्याचे श्रेय घेण्याचा हा डाव आहे, असे विरोधक म्हणत होते. पण विषय मेला नाही. राज्यांच्या अधिकाराला अधिक जागा देऊन तो डिसेंबर १९९२ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि त्र्याहत्तरावी दुरुस्ती एप्रिल १९९३ मध्ये अमलात आली. आज गावच्या सरपंचपदी बसलेल्या हजारो स्त्रिया त्याच दुरुस्तीमुळे तिथे आहेत. तीन वर्षांच्या विलंबाने त्या कल्पनेचे नुकसान झाले नाही. उलट ती पक्षांच्या भांडणातून सुटली.

अलीकडच्या दोन दुरुस्त्यांबद्दल थोडक्यात. आर्थिक दुर्बल घटकांना दहा टक्क्यांपर्यंत आरक्षण देणारी एकशे तिसरी दुरुस्ती ८ जानेवारी २०१९ रोजी लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी ३२३ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत १६५ विरुद्ध ७. ती निवड समितीकडे पाठवण्याची मागणी फेटाळली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाची एकशे सहावी दुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य अशी मंजूर झाली, आणि तिची अंमलबजावणी मात्र जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेवर सोपवली गेली. दोन्ही वेळा अनेक विरोधी सदस्यांनी भाषणात निवडलेल्या वेळेबद्दल टीका केली आणि मत बाजूने दिले. निवडणुकीच्या तोंडावरची खरी अडचण मला इथे दिसते. ज्यातून कोणालातरी काही मिळणार आहे अशा दुरुस्तीला विरोध करण्याची हिंमत तेव्हा कोणाला होत नाही. मग तपशील तपासला जात नाही, आणि दोन-तृतीयांशाची अट, जी विचार करायला भाग पाडण्यासाठी घातली होती, ती चुटकीसरशी पुरी होते. एकशे तिसऱ्या दुरुस्तीतल्या ज्या प्रश्नांवर संसदेत एक दिवसही धड वाद झाला नाही, त्यांवर सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायाधीश नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले.

काही देशांनी यावर साधा उपाय शोधला आहे. स्वीडनमध्ये संसदेने एकच मसुदा दोनदा मंजूर करावा लागतो आणि दोन मंजुऱ्यांच्या मधे सार्वत्रिक निवडणूक व्हावी लागते. नेदरलँड्समध्येही मधे निवडणूक येते आणि दुसऱ्या वेळी दोन-तृतीयांश मते लागतात. डेन्मार्कमध्ये निवडणुकीनंतर नव्या संसदेने तोच मसुदा मंजूर केल्यावर वर सार्वमतही घ्यावे लागते. आपल्याकडेही सार्वमताची कल्पना एकदा आली होती: चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीच्या मूळ विधेयकात, संविधानाच्या गाभ्याला हात लावणाऱ्या बदलांसाठी. लोकसभेने ती स्वीकारली आणि राज्यसभेने वगळली. शंभर कोटींहून अधिक लोकांच्या देशात प्रत्येक दुरुस्तीसाठी सार्वमत घ्यावे, असे मी म्हणणार नाही. पण सभागृहांची मुदत, निवडणुकीची पद्धत, न्यायालयांचा आणि राज्यांचा अधिकार या चार बाबींतला मसुदा एका लोकसभेने मांडावा आणि पुढच्या लोकसभेने मंजूर करावा, असा संकेत तरी आपण पाडला पाहिजे.

तुमच्यापैकी काही जण यावर लगेच "एक देश, एक निवडणूक" विधेयकाचे नाव घेतात, तेव्हा त्याचेही उत्तर देतो. एकशे एकोणतिसावे दुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडले गेले. मांडण्यासाठी साधे बहुमत पुरते, आणि ते २६९ विरुद्ध १९८ असे मिळाले. मंजुरीसाठी त्याच ४६७ सदस्यांतून ३१२ मते लागली असती. विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले, हे चांगले झाले. ही कल्पना सत्ताधारी पक्षाच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात होती, हे मान्यच केले पाहिजे. पण मसुदा मतदानानंतर आला, आणि राज्यांच्या विधानसभांची मुदत लोकसभेबरोबर संपवण्याची तरतूद त्या मसुद्यात आहे. ज्या विधानसभेला लोकांनी पाच वर्षांसाठी निवडले, तिची मुदत कमी होऊ शकते, हे कलम समोर ठेवून मतदाराने अजून एकदाही मत दिलेले नाही. ते एकदा देऊ द्यावे, आणि मग जी लोकसभा येईल तिने ठरवावे.

चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. १९७७ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेला बेचाळिसाव्या दुरुस्तीमुळे सहा वर्षांची मुदत आयतीच मिळाली होती. तिने ते सहावे वर्ष आपल्या मतानेच सोडून दिले, आणि तळटिपेची दुसरी ओळ लिहिली गेली.