नव्या ग्लायडरचं ग्राहक-उड्डाण: चाचणी-कार्डाची नोंद, कुठले वाद मिटले आणि कुठले अडलेत

ग्राहक नवं ग्लायडर घेताना जे चाचणी-उड्डाण करतो, त्या ग्राहक-उड्डाणाच्या चाचणी-कार्डाची ही पुढची आवृत्ती. आता त्यात जमिनीवरच्या तयारीची पानं उड्डाणाच्या पानांपेक्षा जास्त आहेत, आणि ते मुद्दाम केलंय. नव्या ग्लायडरवरून कारखाना आणि ग्राहक यांच्यात होणारे बहुतेक वाद ग्लायडर हँगरमध्ये असतानाच सुरू झालेले असतात. वजन कोणत्या स्थितीत केलं, सीजी (गुरुत्वमध्य) कुठे होता, पंखांचे सांधे टेपने बंद होते का, एअरस्पीड इंडिकेटर (वेगाचा काटा) कितपत खरा, यातलं काहीच आधी कागदावर नसतं. मग उतरल्यावर दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात आणि तरी जुळत नाही.

कार्ड सध्या 15 आणि 18 मीटर पंखविस्ताराच्या, इंजिन आणि फ्लॅप नसलेल्या एकआसनी ग्लायडरपुरतं आहे.

वजन आणि सीजी

हे पान सगळ्यात लांबलंय. तक्रार बहुधा अशी असते: "एलिव्हेटर फार हलका आहे, ग्लायडर नाक वर-खाली करत राहतं." कारखान्याचा पायलट म्हणतो, तसं काहीच नाही. हे पटवायला एक उदाहरण पुरतं.

डेटम, म्हणजे अंतरं मोजायचा शून्यबिंदू, पंखाच्या मुळाशी पुढच्या कडेवर धरा. रिकामं वजन 280 किलो, शेपटीच्या चाकाखालचा काटा 38 किलो दाखवतो, दोन चाकांमधलं अंतर 4.20 मीटर आणि मुख्य चाक डेटमच्या 0.08 मीटर मागे. रिकामा सीजी 38 गुणिले 4.20 भागिले 280, अधिक 0.08, म्हणजे डेटमच्या 0.65 मीटर मागे. पायलटचा आर्म (त्याच्या वजनाचं डेटमपासूनचं अंतर) डेटमच्या 0.55 मीटर पुढे आणि मॅन्युअलमधली मर्यादा 0.25 ते 0.40 मीटर समजू. पॅराशूटसकट 95 किलोच्या पायलटला सीजी 0.346 वर मिळतो, 85 किलोच्या पायलटला 0.371 वर आणि 70 किलोच्या पायलटला थेट 0.41 वर, म्हणजे मर्यादेबाहेर. त्याला उड्डाणच करता येत नाही. पेडलजवळ, डेटमच्या 1.60 मीटर पुढे, सुमारे 7 किलो बॅलास्ट (जादा वजन) लावलं की तो 85 किलोवाल्याच्या जागी येतो. ग्लायडर तेच, पण या तिघांचं एलिव्हेटरबद्दलचं मत एक होणं शक्यच नाही. म्हणून कार्डाचा नियम असा: हाताळणीवरची कुठलीही तक्रार त्या उड्डाणाचा सीजी लिहिल्याशिवाय नोंदवायची नाही, आणि दोन पायलटांची तुलना करायची तर आधी बॅलास्टने सीजी सारखा करायचा.

दुसरा भाग वजनाच्या चुकीचा. वरच्या उदाहरणात शेपटीकडे 2 किलो जास्त भरले तर एकूण वजनात एक टक्काही फरक पडत नाही, पण 85 किलोच्या पायलटसह सीजी सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास मागे सरकतो. पंधरा सेंटीमीटरच्या पट्ट्यातले दोन म्हणजे पुष्कळ झाले. फिनमधली (शेपटीच्या उभ्या पंखातली) बॅटरी वजनाच्या वेळी बाहेर होती आणि उड्डाणात आत होती, एवढ्याने हे घडतं. फिनच्या टाकीत उरलेलं पाणी, नंतर बसवलेलं शेपटीचं जड चाक, रडरवर चढलेला रंगाचा आणखी एक थर, यांनीही तेच होतं. रंगाच्या बाबतीत आणखी एक सांगायला हवं: रडर किंवा एलेरॉन (ग्लायडर कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) पुन्हा रंगवले असतील तर त्यांचं वजन आणि हिंजभोवतीचा मोमेंट मॅन्युअलच्या मर्यादेत आहे का, हे उड्डाणाआधीच तपासायचं. त्याचा संबंध थेट फ्लटरशी, म्हणजे वेगात सुरू होणाऱ्या धोकादायक थरथरीशी आहे आणि तिथे तडजोड नाही.

वजन करताना हँगरची दारं बंद ठेवा. टेल बूमचा (शेपटीकडच्या दांड्याचा) उतार मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच साधा, त्यासाठी लाकडी पाचर आणि स्पिरिट लेव्हल पुरते. दोन्ही काटे आधी शून्यावर आणा, एकदा वजन घ्या, मग काट्यांची अदलाबदल करून पुन्हा घ्या. बॅटऱ्या, ऑक्सिजन, उशा, यातलं काय आत होतं आणि काय बाहेर, ते त्याच कागदावर. सही दोघांची.

वेगाचा काटा

स्टॉलच्या, म्हणजे ज्याच्या खाली पंख उचल धरू शकत नाही त्या वेगावरून होणारे वाद आम्हाला पूर्वी वाटायचे त्यापेक्षा सोपे निघाले. काटा तपासायला यू आकाराची पारदर्शक नळी, पाणी आणि मिलिमीटरची पट्टी लागते, बाकी काही नाही. पिटोच्या (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणाऱ्या नळीच्या) बाजूला हळू दाब द्यायचा आणि दोन्ही पातळ्यांतला फरक वाचायचा. 70 किमी/तासाला तो 23.6 मिमी यायला हवा, 100 ला 48.2 आणि 150 ला 108.4. शेवटच्या दाबावर नळी चिमटून मिनिटभर थांबायचं. काटा खाली येऊ लागला तर कुठेतरी गळती आहे आणि त्या दिवशीचं कुठलंच वेग-मापन धरायचं नाही. कमी वेगाला एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दीड किमी/तास, त्यामुळे पट्टी नीट वाचा. पिटोत तोंडाने फुंकू नका.

ही झाली काट्याची चूक. स्टॅटिक छिद्रांच्या (आजूबाजूच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांच्या) जागेमुळे येणारी चूक निराळी, ती उड्डाणातच दिसते. नाक वर असताना फ्युजलाजच्या बाजूच्या छिद्रांवरचा दाब बदलतो आणि स्टॉलच्या जवळ काटा काही किमी/तास इकडेतिकडे जातो. कॅलिब्रेट केलेल्या दुसऱ्या ग्लायडरच्या शेजारून स्थिर वेगाने उडून दोन्ही काटे रेडिओवर वाचून घेणं हा त्यातल्या त्यात बिनखर्ची उपाय.

मग वजनाची दुरुस्ती. मॅन्युअल म्हणतं 400 किलोला 68 किमी/तास, आणि चाचणीचं वजन आहे 365. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे अपेक्षा 65 ची. पाणी भरून 525 किलो असेल तर 78 ची. ही दुरुस्ती न करता केलेल्या तक्रारी कार्ड स्वीकारत नाही. वेग सेकंदाला साधारण 2 किमी/तास एवढाच कमी करायचा, युरोपच्या सीएस-22 या ग्लायडर-प्रमाणनाच्या नियमांमध्येही हेच प्रमाण आहे. झटक्यात नाक उचललं की भार एक जी राहत नाही, काटाही मागे राहतो, आणि मिळालेल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

पंख पडतो, कोणाचा दोष?

स्टॉलमध्ये नेहमी डावाच पंख पडतो, ही तक्रार सगळ्यात कडू वाद उभा करते. कारण कारखाना लगेच पायलटच्या पायाकडे बोट दाखवतो. कार्डात यासाठी तीन स्टॉलचा संच आहे: कॅनॉपीवरचा, ग्लायडर आडवं सरकतंय का ते दाखवणारा लोकरीचा धागा मधोमध ठेवून एक, जाणूनबुजून थोडा डावीकडे ठेवून एक आणि तेवढाच उजवीकडे ठेवून एक. एलेरॉन तिन्ही वेळा मध्यावर. समोर कॅमेरा असा लावा की धागा, क्षितिज आणि स्टिक एकाच चौकटीत येतील. पडणारी बाजू धाग्याप्रमाणे बदलली तर ग्लायडर निर्दोष. तिन्ही वेळा डावाच पडला तर जमिनीवर काम आहे.

शोधायचं या क्रमाने. आधी पाणी: डाव्या बाहेरच्या टाकीत पाचेक लिटर उरलं असेल तर एवढ्याने पंख पडू शकतो, आणि ड्रेन बंद दिसत असतानाही ते उरतं. मग एलेरॉन: स्टिक मध्यावर बांधून दोन्हीकडची मागची कड मुळाशी आणि टोकाशी मिलिमीटरमध्ये मोजा. मग टेप: एलेरॉनच्या फटीवरची मायलर पट्टी एका बाजूला उचकटलेली किंवा झिगझॅग टेप वेगळ्या जागी लावलेली असते. हे सगळं ठीक निघालं तरच दोन पंखांच्या बसणीच्या कोनातला फरक मोजायचा. तो निघाला तर बाब कारखान्याची. सुरुवात कोनापासून केली की आठवडे जातात आणि शेवटी टाकीत पाणी सापडतं.

स्टॉलची सगळी कामं जमिनीपासून 800 मीटरच्या वर संपवायची. स्पिन (स्टॉलनंतर गिरक्या घेत खाली येणं) मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच, आणि ग्राहकाच्या पहिल्या उड्डाणात मुळीच नाही.

एलेरॉन सुस्त असल्याची तक्रार झटपट निकालात निघते. सीएस-22 नुसार स्टॉलच्या 1.4 पट वेगाला एका बाजूच्या 45 अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या 45 अंशांवर जायला पंखविस्ताराच्या मीटरमधल्या आकड्याचा एक तृतीयांश एवढे सेकंद मिळतात: 15 मीटरला 5, 18 मीटरला 6. व्हिडिओवरून मोजा, दोन्ही दिशांना, पंखात पाणी नसताना.

ग्लाइड रेशो

इथे आमचं मत ठाम आहे: एकट्या ग्लायडरच्या एका उड्डाणातून काढलेला ग्लाइड रेशो (एक मीटर उतरताना किती मीटर पुढे जातो तो आकडा) कुठल्याही वादात पुरावा म्हणून धरू नये. हिशेब बघा. 100 किमी/तास म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर. 40 चा रेशो असेल तर सिंक (खाली येण्याचा वेग) 0.694 मी/से. हवा स्वतः सेकंदाला फक्त 10 सेंटीमीटर वर जात असेल तर तोच रेशो 47 दिसतो, तेवढीच खाली येत असेल तर 35. दहा सेंटीमीटर पायलटला जाणवतही नाहीत. ग्राहक 35 घेऊन भांडतो, विक्रेता 47 चा लॉग दाखवतो, आणि दोन्ही फाइल्स अस्सल असतात.

जास्त वेगाला काट्याची चूक त्यात भर घालते. तिथे सिंक जवळपास वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 150 ला 4 किमी/तासाची चूक सिंकमध्ये 6 ते 8 टक्क्यांची होते. अमेरिकेत डिक जॉन्सन यांनी 'सोअरिंग' मासिकात वर्षानुवर्षं जे चाचणी-अहवाल दिले, त्यांत वेगाच्या यंत्रणेचं कॅलिब्रेशन आणि पंखाच्या पृष्ठभागाचं मोजमाप का असायचं, ते यावरून कळतं.

खरा मार्ग तुलनेचा. जर्मनीतल्या आकाफ्लिग विद्यार्थी-गटांची इडाफ्लिग ही संघटना हेच करत आली आहे: पोलर (कुठल्या वेगाला किती सिंक, त्याचा आलेख) आधीच नीट मोजलेलं एक ग्लायडर संदर्भ म्हणून ठेवायचं, नवं त्याच्या शेजारून उडवायचं. डीजी-300/17 ने हे काम बराच काळ केलं. दोघं एकाच हवेत असल्यामुळे हवेची हालचाल बऱ्याच अंशी वजा होते. हाताळणीसाठीही त्यांची ठरावीक क्रमाने तपासायची त्साखर-पद्धत आहे, आमच्या कार्डातल्या बऱ्याच पायऱ्या त्याच वळणावर बेतल्या आहेत.

छंदाच्या पातळीवर ते असं जमतं. पहाटे, थर्मल (तापून वर चढणारी हवा) सुरू व्हायच्या आत, दोन्ही ग्लायडर जवळपास सारख्या विंग लोडिंगवर (पंखाच्या क्षेत्रफळामागे येणाऱ्या वजनावर). सुरक्षित अंतरावर समांतर, अंतर सांभाळायची जबाबदारी फक्त एकाची. प्रत्येक वेगाला सुरुवातीचे 20 सेकंद सोडून पुढचे 200 सेकंद मोजायचे. 200 सेकंदांत 10 मीटरचा फरक पडला तर सिंकमधला फरक 0.05 मी/से, म्हणजे 40 आणि 43 मधला. 10 मीटर जीपीएस लॉगमध्ये स्पष्ट दिसतात, अट एवढीच की दोन्हीकडे एका सेकंदाच्या अंतराने नोंद हवी. मग बाजू बदलून पुन्हा, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा. दोन सकाळींचे आकडे जुळले नाहीत तर दोन्ही रद्द.

डेमो ग्लायडर छान होतं आणि आपलं तसं नाही, ही तक्रार मात्र बऱ्याचदा खरी असते. डेमोचे सांधे बंद, पंख पॉलिश केलेले, फटी नव्याने सील केलेल्या. नवं ग्लायडर साच्यातून निघाल्यावर रेझिन पुढे महिनोन्महिने आकसत राहतं आणि स्पारच्या (पंखातल्या मुख्य तुळईच्या) वर लाट उमटते. दोन इंचांच्या पायांचं डायल गेज मुळापासून टोकापर्यंत, पुढच्या कडेकडून मागे फिरवा. 0.1 मिमीच्या वरची लाट कार्डावर लाल. हे मोजमाप ताबा घेताना एकदा आणि पहिला उन्हाळा गेल्यावर एकदा. दुसऱ्या मोजणीचा हक्क करारात आधीच लिहून घ्या, नंतर मागितला तर मिळत नाही.

शिट्टीचा आवाज, गिअर-डोअरची फट, व्हेरिओचा (चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या काट्याचा) उतावळेपणा यांना कार्डात एकेक ओळ दिलीय. शिट्टीसाठी एका वेळी एकच सांधा टेपने बंद करून उडायचं. बहुतेक वेळा कॅनॉपीचा सील निघतो.

अजून अडलेलं

चाचणीत नुकसान झालं तर कोणाचं, यावर सर्वमान्य मजकूर तयार झालेला नाही. आत्ताचा मसुदा असा: उड्डाणाआधी विमा कोणाच्या नावावर आहे आणि विम्यातून वजा होणारी पहिली रक्कम कोण भरणार, हे कार्डाच्या पहिल्या ओळीत. बाजूच्या वाऱ्याची मर्यादा मॅन्युअलपेक्षा कमी. हवा खडबडीत असेल तर त्यासाठी दिलेल्या वेगाच्या वर जायचं नाही. व्हीएनईपर्यंत, म्हणजे कधीच न ओलांडायच्या वेगापर्यंत नेण्याचं काम ग्राहकाचं नाहीच. चाचणी थांबवण्याचा अधिकार दोघांनाही, कारण न सांगता.

व्यावसायिक पायलटकडून निवाडा घ्यायचा की नाही, यावर मतं विभागलेली आहेत. आमचा कल होकाराकडे आहे, पण त्याने आधी दोन्ही बाजूंचे आकडे न बघता उडावं.

पुढे फ्लॅपवाल्या ग्लायडरचं पान घ्यायचं आहे. प्रत्येक फ्लॅप-स्थितीसाठी वेगळा तीन स्टॉलचा संच, आणि फ्लॅप-एलेरॉनचे कोन मुळाशी व टोकाशी मिलिमीटरमध्ये, थंड सकाळी एकदा आणि तापलेल्या दुपारी एकदा. ज्यांच्याकडे अशी मोजमापं असतील त्यांनी ती वजनपत्रकासकट द्यावीत. वजनपत्रक नसेल तर आकडा तक्त्यात घेता येणार नाही.