आमची वाटचाल: इथल्या कोळशावर चालेल अशी छोटी भट्टी

वखराच्या पासा पाजवणं, कुऱ्हाडी-विळ्यांना पाणी देणं, तुटलेली अवजारं जोडणं हा आमच्या वर्कशॉपचा मूळ धंदा. मृगाच्या आधी कामाची रीघ लागते, पेरण्या झाल्या की ओसरते. लोखंड तापवायच्या भट्ट्या विकायला सुरुवात झाली ती गिऱ्हाइकांच्या मागणीवरून. आयटीआय झालेली पोरं, फॅब्रिकेशनवाले, घरचं काम घरीच करू पाहणारे शेतकरी, सगळ्यांना लहानशी, पहिली भट्टी हवी असते. तिचं रूप आज पार बदललेलं आहे आणि त्याला कारण एकच: वर्धा खोऱ्यातला कोळसा.

पहिलं मॉडेल सगळीकडे बनतं तेच, ब्रेक ड्रमचं. जीप किंवा मालवाहू टेम्पोचा ड्रम, बुडाला भोकं पाडलेली १० मिमीची पाटी, खाली २ इंची पाइपाचा टी, आडव्या फाट्याला पंखा आणि उभ्या फाट्याला राखेचं झाकण. दगडी कोक, म्हणजे आधीच भाजून धूर काढलेला दगडी कोळसा, मिळत असेल तर ही भट्टी आजही उत्तम. नागपूरकडच्या फाउंड्रीवाल्यांशी ज्यांची ओळख आहे त्यांना आम्ही हीच देतो. झाकण मात्र आट्यांचं नको, धगीने ते जाम होतं. वजनाने आपोआप मिटणारं सैल झाकण लावा. पंखा थांबला की कच्च्या कोळशाचा गॅस पाइपात उतरतो आणि पुन्हा हवा सोडताच भडका होतो. झाकण सैल असेल तर तो दाब तिथूनच निघून जातो.

वणी-चंद्रपूरकडचा कोळसा मात्र कोकिंग जातीचा नाही. तापल्यावर चिकटून त्याचा कोक होत नाही आणि राख भरपूर निघते. ही राख वितळून खाली उतरते, थिजते आणि तिचा खंगर होतो. ड्रमच्या भट्टीत हवा बुडातून येत असल्यामुळे खंगर नेमका भोकांवर बसतो आणि आग मधूनच मरते. शिकाऊ माणूस मग पंखा जोरात फिरवतो. त्याने लोखंडाला पापुद्रे सुटतात, धग काही वाढत नाही. म्हणून आम्ही हवा बाजूने देऊ लागलो. नळीच्या खाली ४ इंच जागा सोडली की खंगर तिथे जमतो आणि हवेची वाट मोकळी राहते.

ही भट्टी घरीही बांधता येते. ३ मिमी पत्र्याची २४ बाय १८ इंची, १० इंच खोल पेटी घ्या आणि निखारे कमरेच्या जरा खाली येतील अशा घोडीवर ठेवा. मागच्या बाजूने, अस्तर धरून झालेल्या तळापासून ४ इंचांवर, जाड भिंतीची नळी आत घ्या. दगडी कोळशासाठी तिचं तोंड आतून १ इंच, लाकडी कोळशासाठी पाऊण इंच पुरे. पाइप काळाच घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेला तापला की त्याचा धूर छातीत भरतो, ताप येतो. नळी मातीच्या बाहेर इंचभरच डोकावू द्या. जास्त पुढे आली तर टोक झिजून, वितळून जातं. हे टोक कधी ना कधी जाणारच, म्हणून आम्ही ते वेगळं बसवतो आणि सोबत एक जादा देतो.

अस्तराच्या मातीत लोक सर्वांत जास्त फसतात. आपली काळी माती फुकट मिळते म्हणून तीच लिंपतात. पण ही माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात वावरात पडतात तशा भेगा अस्तरात पडतात. वारुळाची माती दोन भाग, चाळलेली रेती एक भाग आणि अर्धा भाग धानाच्या तुसाची राख घ्या. भंडारा-गोंदियाकडे राइस मिलवर ती हवी तेवढी मिळते. पाणी बेताचंच, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि हाताला चिकटू नये. आधी एक गोळा वाळवून चुलीत टाकून पाहा. तडकला तर रेती वाढवा. अस्तर दोन इंच जाड द्या, सावलीत वाळू द्या, भेगा बुजवा आणि मग गोवऱ्यांच्या मंद आगीवर शेकून काढा. सिमेंट काँक्रीट किंवा नदीचे गोटे आत नकोतच. त्यांच्यात पाणी अडकलेलं असतं, ते धगीने फुटून उडतात.

पंखा हाताचा असावा, असं आमचं मत आहे. लाइटीचा भरवसा नाही हे एक, आणि नवशिक्याला हवेचा अंदाज हातानेच येतो. मोटरचा पंखा असेल तर रेग्युलेटरपेक्षा पाइपात सरकती झडप बरी.

पेटवायला तुराट्या किंवा पराट्या चांगल्या. त्यांचे निखारे झाले की सुपारीएवढे कोळशाचे तुकडे भोवतीने लावा. नवा कोळसा कडेने आत सरकवत जावा, डोक्यावर ओतू नये. पिवळा धूर ओसरेपर्यंत लोखंड घालू नका. नळीच्या वर पाच-सहा इंच निखारे हवेत. लोखंड आडवं ठेवा, नळीच्या तोंडासमोर ३-४ इंचांवर आणि जरा वर. नळीला खेटून ठेवलं तर ताजी हवा त्यालाच खाते. ठिणग्यांची फुलबाजी उडाली की टोक जळालं, तेवढं कापूनच टाकावं. नारिंगी रंगावर ठोका; गाडीच्या कमानपाट्याचं लोखंड काळसर लाल झाल्यावरही ठोकत राहिलात तर चिरा जातील.

तासाभराने पंख्याचा आवाज जड वाटला, मधला भाग मंदावला, तर खंगर झालाय असं समजा. लगेच खुपसू नका, पातळ खंगर निखाऱ्यांत मिसळतो. दोन-तीन मिनिटं हवा थांबवा, तो थिजेल, मग आकडीने अख्खी वडी ओढून काढा.

धुरासाठी ६ इंची चिमणी पुरत नाही, निदान १० इंची हवी. चारही बाजूंनी मोकळं टिनाचं छप्पर सर्वांत चांगलं. बंद खोलीत भट्टी लावायची नाही; कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. कुटाराचा ढीग आणि कापसाची गंजी दूरच असू द्या. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा उभा रोवला तर घावाखाली जास्त वजन येतं. मीटरला ५२ किलो भरणाऱ्या रुळाचा एक फूट म्हणजे जवळपास १६ किलो. तो आणि कोळसा, दोन्ही पावतीनेच घ्या. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून वेगळा कायदा आहे.

पावसाळ्यात पेटीवर टिन झाका. अस्तर ओलं झालं असेल तर पहिल्या दिवशी पंखा न लावता तासभर गोवऱ्याच जाळा, नाहीतर वाफेने अस्तराचे टवके उडतात. टवका उडालाच तर तेवढीच जागा खरवडून, ओली करून, त्याच मिश्रणाने भरा. सगळं अस्तर काढायची गरज नसते.